पोराबाळांना घेऊन दाजीपूर: माहिती केंद्र, फुलपाखरू उद्यान आणि सड्यावरची पायवाट

कोल्हापुरातून दाजीपूरला निघणाऱ्या बहुतेक गाड्यांमध्ये एकच विषय असतो: गवा दिसणार का? दुपारपर्यंत तो दिसला नाही की पोरं कंटाळतात, मोठ्यांचा चेहरा पडतो आणि परतीच्या वाटेवर 'जंगलात काहीच नव्हतं' असा निकाल लागतो. जंगलात भरपूर काही असतं, फक्त ते बघायला वेळ ठेवलेला नसतो. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना घेऊन एका दिवसात काय करता येतं आणि ते कोणत्या क्रमाने करावं, ते इथे दिलं आहे. क्रम महत्त्वाचा आहे: आधी उद्यान, मग माहिती केंद्र, त्यानंतर छोटी पायवाट. उलटं केलं तर दमलेली मुलं माहिती केंद्रातल्या फलकांकडे ढुंकूनही बघत नाहीत.

कधी जायचं

१९५८ मध्ये गव्यांसाठी राखलेलं दाजीपूरचं जंगल १९८५ मध्ये वाढवून राधानगरी अभयारण्य झालं. आज त्याचं क्षेत्र सुमारे ३५१ चौरस किलोमीटर आहे आणि २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत त्याचं नाव आहे. पावसाळ्यात आतलं जंगल पर्यटकांसाठी बंद असतं. इथला पाऊस म्हणजे कोल्हापूर शहरातला पाऊस नाही. मातीचे रस्ते वाहून जातात आणि ओढे तासाभरात चढतात. प्रवेशाचे दिवस, वेळ आणि शुल्क हंगामागणिक बदलत असतं, म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी वन्यजीव विभागाच्या कार्यालयात फोन करून खात्री करून घ्यावी. शाळेच्या सुट्टीच्या आणि जोडून आलेल्या सुट्ट्यांच्या दिवसांत तर नक्कीच.

नोव्हेंबर ते जानेवारी हा लहान मुलांसाठी सर्वांत सोपा काळ. हवा थंड असते, हिरवळ टिकून असते आणि फुलपाखरंही बऱ्यापैकी असतात. मार्च ते मे उन्हाळा कडक असला तरी गवत वाळतं, पाणवठे कमी होतात आणि जनावरं पाण्याकडे येतात, त्यामुळे गवा दिसण्याची शक्यता याच दिवसांत जास्त. मेअखेरीस, पावसाच्या तोंडावर, काजवे चमकू लागतात. त्यासाठी वेगळा, मुक्कामाचा बेत करावा. दिवसाच्या सहलीला काजवे जोडायला गेलं की रात्री अकराला झोपलेली पोरं मागच्या सीटवर आणि समोर गव्यांचा रस्ता, अशी गत होते.

रस्ता

राधानगरी कोल्हापूरपासून सुमारे ५५ किलोमीटर आणि दाजीपूर सुमारे ८० किलोमीटर. फुलेवाडी, हळदी, परिते असं करत राधानगरी. अंतरावरून वेळेचा हिशेब लावू नका. ऊसतोडीच्या हंगामात, म्हणजे साधारण नोव्हेंबर ते मार्च, भोगावती कारखान्याच्या पट्ट्यात उसाच्या बैलगाड्या आणि दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर रस्ता अडवून चाललेले असतात. सकाळी साडेपाचला निघालं तर हा पट्टा निभावतो, साडेसातला निघालं तर राधानगरीलाच नऊ वाजतात. ट्रॉलीतून मागे लोंबणारे उसाचे वाढे डोळ्यांच्या पातळीवर येतात, म्हणून दुचाकीवरून जाणाऱ्यांनी मागे अंतर राखावं.

पेट्रोल कोल्हापुरातच भरा. रोख पैसे, मोठ्यांचं ओळखपत्र आणि फोनमध्ये आधीच उतरवून ठेवलेला नकाशा सोबत असावा, कारण राधानगरी सोडली की बराच वेळ रेंज नसते. ज्याला गाडी लागते त्या मुलाला पुढे बसवा आणि निघताना पोटभर खायला घालू नका. राधानगरीपुढे रस्ता जलाशयाच्या कडेने वळणं घेत जातो. नाष्टा राधानगरीत करावा. मिसळ हवीच असेल तर मुलांसाठी कट वेगळा मागावा, नाहीतर तिखटाने पेटलेलं पोट घेऊन जंगलात फिरायची वेळ येते.

गाडी नसेल तर रंकाळा बसस्थानकावरून राधानगरीला एसटी मिळते. एसटीने गेल्यास फक्त उद्यान आणि धरण परिसर असा बेत धरावा. दाजीपूरचं प्रवेशद्वार गाठून संध्याकाळी परतीची गाडी पकडणं मुलांसह जमत नाही.

पहिला थांबा: फुलपाखरू उद्यान

राधानगरीतलं वन विभागाचं फुलपाखरू उद्यान लोक 'जाता जाता' बघतात. आमच्या मते पाच-सहा वर्षांच्या मुलासाठी हाच दिवसाचा मुख्य भाग असावा. ऊन अंगाला लागायला लागलं की फुलपाखरं उडतात. त्यांना पंखाचे स्नायू तापवावे लागतात, त्यामुळे सकाळी सातला गेलात तर उद्यान रिकामं वाटेल. नऊ ते अकरा ही वेळ उत्तम. ढगाळ हवेत निम्मीसुद्धा दिसत नाहीत.

उडणाऱ्या फुलपाखरामागे पळू नका; झुडपापाशी थांबा. प्रत्येक जातीची मादी ठरावीक झाडावरच अंडी घालते, कारण अळी तेवढीच पानं खाते. कढीपत्ता आणि लिंबाच्या कुळातल्या झाडांवर मॉर्मन, रुईवर प्लेन टायगर, पानफुटीवर रेड पिएरो, ईश्वरीच्या वेलीवर बर्डविंग आणि रोझ. एवढ्या चार जोड्या आदल्या रात्री मुलांना सांगून ठेवल्या तरी पुरे. २०१५ मध्ये राज्य फुलपाखराचा मान मिळालेलं ब्लू मॉर्मन लिंबाच्या कुळावरच वाढतं, हे कळलं की घरी गेल्यावर परसातलं लिंबाचं झाड मुलं पान-पान तपासतात.

कढीपत्त्यापाशी दहा मिनिटं काढा. कोवळी पानं हात न लावता खालून-वरून बघत जा. पानाच्या वरच्या बाजूला, शिरेजवळ, चिमणीची शीट पडल्यासारखा तपकिरी-पांढरा, ओलसर चकाकणारा ठिपका दिसेल. तो साधारण सेंटिमीटरभर लांब असेल आणि एका टोकाला पान कुरतडलेलं असेल तर ती कॉमन मॉर्मनची लहान अळी आहे. पक्ष्याने आपलीच शीट समजून सोडून द्यावं म्हणून हे सोंग. मोठी झाली की तीच अळी कात टाकून हिरवीगार होते. तिला धोका वाटला की डोक्यामागून लालसर रंगाचा दुपेडी शिंगासारखा अवयव झटकन बाहेर येतो आणि उग्र वास सुटतो. त्यासाठी तिला टोचायची गरज नसते, आणि टोचू द्यायचंही नाही. पानाजवळ तोंड नेऊन हलकी फुंकर मारली तरी कधी कधी ते दिसतं.

ओल्या मातीवर फुलपाखरांचा घोळका बसलेला दिसला तर तो चिखलातले क्षार शोषतोय. बहुतेक नरच असतात. सावली अंगावर पडली की उडतात, म्हणून सूर्य समोर ठेवून वाकत पुढे जावं. फोनने फोटो काढताना झूम करण्यापेक्षा बसून, कोपर गुडघ्यावर टेकवून काढला तर स्पष्ट येतो.

चार-पाच वर्षांखालचं मूल सोबत असेल तर इथून पुढे लक्ष्मी तलावाचा, म्हणजे राधानगरी धरणाचा परिसर बघून, डबा खाऊन घरी फिरा. शाहू महाराजांनी बांधायला घेतलेलं हे धरण आणि त्याचे सात स्वयंचलित दरवाजे पोरांना जंगलाइतकेच आवडतात. पाणी ठरावीक पातळीला आलं की दरवाजे आपोआप उघडतात. पाण्यात मात्र उतरू नये. काठ गाळाचा आहे आणि एकदम खोल जातो.

दुसरा थांबा: निसर्ग माहिती केंद्र

दाजीपूरला पोचल्यावर आधी प्रवेशाची नोंद करा, स्वच्छतागृह वापरून घ्या (आत सोय नाही असंच धरून चाला) आणि मग अर्धा तास माहिती केंद्रात घालवा. मुलांना सगळे फलक वाचायला लावू नका, ती शाळा होते. प्रत्येकाने तीनच गोष्टी निवडायच्या: एक प्राणी, एक पक्षी, एक झाड. वहीत त्यांचं नाव आणि एक ओळखीची खूण. पुढचा सगळा दिवस ती तीन नावं शोधायची.

निवडायला मदत हवी असेल तर शेकरू घ्या. राज्यप्राणी आहे, दिवसा जागा असतो आणि झाडाच्या शेंड्याकडे बघितलं तर सापडतो. तो स्वतः नाही दिसला तरी फांद्यांच्या टोकाला काटक्या-पानांचं गोल घरटं दिसतं; एकेक शेकरू अशी अनेक घरटी बांधतो. झाडांपैकी अंजनी, जांभूळ, हिरडा किंवा ऐन. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी चौकोनी भेगाळलेली असते, पोरं एकदा बघितली की विसरत नाहीत. किड्यांमध्ये रस असलेल्या मुलासाठी झाडावरच्या मुंग्यांचं काळपट, फुटबॉलएवढं घरटं निवडा. तांबूस रंगाचा एक सुतार पक्षी चक्क त्याच घरट्यात बीळ करून अंडी घालतो.

कर्मचाऱ्यांना एक नेमका प्रश्न विचारावा: 'गेल्या दोन-तीन दिवसांत कुठल्या पाणवठ्यावर हालचाल आहे?' 'गवा कुठे दिसेल?' या प्रश्नाला ते रोज शंभर वेळा तेच उत्तर देतात.

आतलं जंगल: जीप, गाईड आणि चालणं

आतला रस्ता जांभ्या दगडाचा, खड्ड्यांचा. शहरातली खालून कमी उंचीची गाडी घासते, आणि तेलाची टाकी फुटली तर आत मदत मिळवायला अर्धा दिवस जातो. स्थानिक जीप आणि गाईड घ्यावा. जीपवाल्याला निघण्याआधीच सांगून ठेवा की मुलं आहेत, तीन ठिकाणी वीस-वीस मिनिटं थांबायचं आहे आणि इंजिन बंद ठेवायचं आहे. हे आधी ठरलं नाही तर फेरी धावतपळत उरकली जाते.

गवा दिसला तर गाडीतून उतरू नका. पूर्ण वाढलेला नर आठशे किलोच्या पुढे असतो आणि दिसायला संथ वाटला तरी चढावर घोड्यासारखा धावतो. कळपापेक्षा एकटा नर आणि पिल्लू सोबत असलेली गाय जास्त धोक्याची. जोरात नाकातून फुस्स करणं, मान खाली घेणं, अंग आडवं करून आपला आकार दाखवणं ही 'मागे सरका' असं सांगण्याची पद्धत आहे. पायी असताना गवा समोर आला तर आरडाओरडा करू नये, पाठ फिरवून पळू नये. मुलांना मोठ्यांच्या मागे घेऊन, त्याच्यावर नजर ठेवून सावकाश मागे सरकावं आणि जवळच्या जाड झाडाच्या आड जावं. त्याची वाट मोकळी ठेवली की बहुतेक वेळा तो स्वतःच निघून जातो. गव्याचं नाक फार तिखट, म्हणून वारा तुमच्याकडून त्याच्याकडे जात असेल तर तो तुम्हाला दिसण्याआधीच गेलेला असतो. अत्तर, डिओ घरी ठेवा. त्याचं दुसरं कारण आग्या मोहोळ: वासाने आणि धुराने माश्या उठतात. कड्याच्या कपारीत पोळी असतात, तिथे दगड मारणं आणि ओरडून प्रतिध्वनी ऐकणं दोन्ही बंद.

चालायला सुरुवात केल्यावर वाटेच्या कडेची माती वाचायला शिकवा. गव्याचा खूर गाईच्या खुरापेक्षा ठळक मोठा उमटतो. शेण वरून चकाकत असेल आणि त्यावर माश्या घोंघावत असतील तर जनावर नुकतंच गेलंय; तिथे बोलणं बंद करून गाईडकडे बघायचं. वर साय धरली असेल तर बराच वेळ झालाय. उकरलेलं वारूळ आणि झाडाच्या बुंध्यावर समांतर ओरखडे म्हणजे अस्वल. केस मिसळलेली, टोकाला पीळ असलेली विष्ठा बहुधा बिबट्याची. काठीने दाखवायचं, हाताने नाही.

पिसं, शिंग, साळिंदराचे काटे, फुलं काहीही उचलून आणायचं नाही. 'एकच घेतो की' म्हणणारं पोर प्रत्येक गटात असतंच. त्याच्या हाती वही द्यावी आणि चित्र काढायला लावावं. ड्रोन आणि स्पीकर आत चालत नाहीत, आणि चालू नयेतच.

सडा आणि कड्याची धार

जंगल संपून एकदम उघडं, जांभ्याचं पठार लागतं, त्याला सडा म्हणतात. सावराई सडा हा इथला प्रसिद्ध. शिवगडाच्या बाजूला गेलं तर सह्याद्री जिथे तुटून कोकणात उतरतो ती धार बघायला मिळते: खाली खोल घळी आणि त्यांच्या पोटात दाट झाडी. सगळ्या सहलीत सर्वांत देखणी आणि सर्वांत धोक्याची जागा हीच.

मुलांसह ताशी एक ते दीड किलोमीटरच चालणं होतं, मोठ्यांच्या निम्म्याने. त्यामुळे हाताशी असलेला वेळ दोनाने भागा, आणि निम्मा वेळ संपला की जिथे असाल तिथून परत फिरा. 'तो टेपाड ओलांडला की आलंच' या वाक्याने बऱ्याच सहली अंधारात गेल्या आहेत.

धारेवरचे नियम तोंडी सांगून भागत नाही, आधी ठरवावे लागतात. कड्यापासून दहा फुटांवर एक रेघ मनात धरायची आणि तिच्यापुढे मुलाचा हात सोडायचा नाही. वाळलेलं गवत कड्याच्या बाहेर झुकून वाढतं, त्यामुळे जमीन जिथे संपली असं वाटतं त्याच्या हातभर आधीच ती संपलेली असते. जांभ्यावर सुटे लालसर खडे पसरलेले असतात, आणि उतारावर पाय घसरतो तो त्यांच्यावरूनच. बूट नवे नसावेत, तळव्याची नक्षी झिजलेली नसावी. खाली बघायचंच असेल तर मागे मोठ्या माणसाने कंबर धरून, मुलाने पोटावर झोपून बघावं. पाठ दरीकडे करून फोटो काढायचा नाही. फोटो काढणारा मागे मागे सरकत जातो, हे त्याहून वाईट. दुपारी कोकणातून वर येणारा वारा जोर धरतो, टोपी उडाली की पोर तिच्यामागे धावतं. टोपीला नाडी बांधा.

पाणी, डबा, दुर्बीण

मोठ्या माणसाला दोन ते अडीच लिटर आणि मुलाला दीड लिटर पाणी, उन्हाळ्यात अर्धा लिटर जास्त. जलसंजीवनीची पाकिटं असावीत. नसतील तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाच्या छोट्या चमच्याने सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. ओढ्याचं पाणी पिऊ नये.

डब्यात दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, केळी, गूळपोळी. रश्श्याचं काही नको. वानरांसमोर पिशवी उघडू नका, आणि केळीची सालंसुद्धा परत आणा.

दुर्बीण ८ पट मोठं दाखवणारी घ्यावी. १० पटीच्या दुर्बिणीत मुलाच्या हाताचा कंप इतका वाढतो की काहीच दिसत नाही. आधी दुर्बिणीचे दोन्ही डोळे मुलाच्या डोळ्यांच्या अंतरावर जुळवून द्या, नाहीतर त्याला दोन काळी वर्तुळं दिसतात आणि ते 'दिसलं' असं खोटंच सांगतं. पक्षी उघड्या डोळ्यांनी पकडायचा, नजर न हलवता दुर्बीण डोळ्यांसमोर आणायची. हे घरी गच्चीवर समोरच्या पाण्याच्या टाकीवर दहा वेळा करून घेतलं की जंगलात वेळ वाया जात नाही.

काही झालंच तर

साप चावला तर कापणं, चोखणं, दोरी आवळणं काहीही नको. अंगठी, कडं काढा, चावलेला भाग हलू देऊ नका, मुलाला चालवू नका आणि थेट राधानगरीचं ग्रामीण रुग्णालय गाठा, तिथून गरज पडल्यास कोल्हापूरचं सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) रुग्णालय. रुग्णवाहिकेसाठी १०८, वन विभागाची मदत हवी असेल तर १९२६. रेंज कुठे मिळते ते गाईडला आधीच विचारून ठेवलेलं बरं.

परत निघताना आणि घरी गेल्यावर

चारच्या सुमारास दाजीपूर सोडावं. संध्याकाळी गवे रस्ता ओलांडतात, आणि अंगाचा रंग काळपट असल्यामुळे दिव्याच्या उजेडात आधी फक्त पायाचे पांढरे मोजे दिसतात. एक गवा ओलांडला म्हणजे मागून आणखी येणार असं धरूनच थांबा. पुढे हळदीपर्यंत मागचा दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या. ताशी चाळीसच्या वर जायचं कारण नाही.

घरी आल्यावर कपडे थेट गरम पाण्यात टाका आणि मुलांना अंघोळ घालताना गोचिडी तपासा: कानामागे, काखेत, जांघेत, गुडघ्यामागे, केसांच्या मुळाशी. कोरड्या दिवसांत वाळक्या पाचोळ्यावर बसल्याने त्या चढतात, म्हणून तिथे बसताना चादर टाकावी आणि मोजे पँटवरून ओढून घ्यावेत. चिकटलेली गोचीड चिमट्याने कातडीच्या अगदी जवळ धरून, न पिळता, सरळ वर ओढावी. रॉकेल, चुना, पेटती काडी यांनी ती जास्तच लाळ सोडते. जागा साबणाने धुवा. सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग भागात गोचिडीतून माकडताप पसरलेला आहे, आणि चावल्यानंतर तीन ते आठ दिवसांत तो दिसू लागतो. त्या आठवड्यात मुलाला एकदम ताप भरला, डोकं किंवा अंग दुखू लागलं तर डॉक्टरांना लक्षणांच्या आधी 'आम्ही जंगलात जाऊन आलोय' हे सांगा.